घरातला उपचार : मद्रासच्या गोळ्यांपासून सीपॅपच्या मास्कपर्यंत

दिल्लीच्या एम्समधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातील अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार कामकरी वयोगटातील सुमारे १० कोटी ४० लाख भारतीयांना झोपेत श्वास अडण्याचा विकार, म्हणजे ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, असावा. त्यांपैकी सुमारे ४ कोटी ७० लाख जणांमध्ये तो मध्यम किंवा तीव्र स्वरूपाचा असावा. या विकारावर प्रभावी ठरलेला उपचार ४० वर्षांहून जुना आहे. सीपॅप नावाचे एक लहान यंत्र नाकावाटे सतत दाबाखालची हवा देते आणि बंद पडणारा घसा उघडा ठेवते. तरीही यंत्र घरी नेलेले कितीतरी रुग्ण काही महिन्यांत ते कपाटात ठेवून देतात. उपचार ठाऊक आहे, उपलब्ध आहे, परंतु अंगवळणी पडत नाही. या कोड्याचा इतिहास पाहू लागलो की वाट सिडनीहून फिलाडेल्फियाला आणि तेथून चेन्नईला येते.

आधी विकाराविषयी थोडे. जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात आणि जिभेमागची मऊ नळी अरुंद होते. अरुंद वाटेने जाणारी हवा मांसल भागांना थरथरवते, तेच घोरणे. नळी पूर्ण मिटली की छाती हलत राहते, पण हवा आत जात नाही. १० सेकंद, कधी त्याहून बराच अधिक काळ हे चालते. रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो आणि मोठ्या घरघरीसह श्वास पुन्हा सुरू होतो. तीव्र विकारात एका रात्रीत असे शेकडो वेळा घडते. झोपलेल्याला सकाळी यातले काहीच आठवत नाही. राहतो तो थकवा, दिवसभराची पेंग आणि हळूहळू चढणारा रक्तदाब. आपल्याकडे मात्र ढाराढूर घोरणाऱ्याला पाहून ‘काय गाढ झोप लागली आहे’ असे कौतुकाने म्हणतात आणि थट्टेत कुंभकर्णाचे नाव घेतात. आजार थट्टेत दडून राहण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

पाश्चात्त्य देशांतही निराळे घडले नाही. चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये (१८३६-३७) जो नावाचा लठ्ठ मुलगा उभ्या उभ्या झोपी जातो, वाचक त्याला हसले. १९५६ मध्ये बर्वेल आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी एका रुग्णाचे वर्णन करताना ‘पिकविकियन सिंड्रोम’ हे नाव रूढ केले. हा गृहस्थ पत्त्यांच्या डावात हातात उत्तम पाने असतानाही झोपी गेला होता. १९६५ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे गास्तो यांच्या गटाने आणि जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे युंग व कुलो यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, झोपेत श्वास थांबत असल्याच्या नोंदी मिळवल्या. निदान झाले, उपचार मात्र एकच होता. गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवायची, म्हणजे अडथळ्याला वळसा मिळे. उपाय खात्रीचा होता, पण आयुष्यभर गळ्यात छिद्र घेऊन जगणे कोणाला रुचणार?

जून १९८० मध्ये सिडनी येथे कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असाच एक तीव्र विकाराचा रुग्ण आला. त्याने शस्त्रक्रिया नाकारली, पण प्रयोगास संमती दिली. सलिव्हन यांनी पूर्वी टोरांटोमध्ये झोपलेल्या कुत्र्यांच्या श्वसनावर संशोधन केले होते आणि मास्क बनवण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. त्यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरीचा उपयोग करून हवा नाकात सोडली. दाब वाढवला की श्वास सुरळीत होई, घटवला की घसा पुन्हा मिटे. काही तासांसाठी योजलेला प्रयोग रात्रभर चालला. १८ एप्रिल १९८१ रोजी ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांवरील निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

यातले भौतिकशास्त्र सोपे आहे. मोडलेल्या हाडाला बाहेरून फळीचा आधार देतात, तसा येथे हवेचा आधार मऊ नळीला आतून मिळतो. लागणारा दाब साधारणतः ४ ते २० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका असतो. १० सेंटिमीटर म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग. निसर्गनियमाच्या बाजूने प्रश्न एका रात्रीत सुटला होता.

माणसाच्या बाजूने तो तेव्हा सुरू झाला. आरंभीचे मास्क प्रत्येक रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन बनवत आणि ते रोज रात्री सिलिकोनच्या गोंदाने चेहऱ्याला चिकटवावे लागत. मोटर अवजड होती, आवाज मोठा होता. पुढच्या सुधारणांचा रोख हाच त्रास कमी करण्याकडे राहिला. गोंदाऐवजी पातळ सिलिकोनची कड आली. आतल्या दाबानेच ती फुगून गालाला टेकते. आरंभी कमी दाब देऊन तो हळूहळू चढवण्याची सोय आली. १९९० च्या सुमारास श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारी यंत्रे आली. १९९३ मध्ये दाब स्वतःच ठरवणाऱ्या यंत्राची शक्यता दाखवली गेली.

त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधा प्रश्न विचारला : रुग्ण हे यंत्र खरोखर किती वापरतात? त्यांनी ३५ रुग्णांच्या यंत्रांत मास्कमधील दाब मिनिटामिनिटाला नोंदवणारा मायक्रोप्रोसेसर बसवला. सरासरी १०६ दिवस नोंदी झाल्या. ६० टक्के रुग्णांनी आपण रोज रात्री यंत्र लावतो असे सांगितले होते. ७० टक्के दिवशी किमान ४ तास, या कसोटीला मात्र केवळ १६ जण उतरले. ही ४ तासांची रेषा संशोधकांनी मोजणीच्या सोयीसाठी आखली होती. पुढे ती अमेरिकेतील विम्याचा नियम बनली आणि जगभरच्या रुग्णांना तिचाच दाखला दिला जाऊ लागला. वास्तविक स्वप्नांची झोप, जिच्यात स्नायू सर्वाधिक सैल पडतात, रात्रीच्या उत्तरार्धात अधिक असते. पहाटे ३ वाजता मास्क काढून ठेवणारा रुग्ण नियमात बसतो, पण त्याच्या घशाला जेव्हा सर्वाधिक आधार हवा असतो, तेव्हाच तो उघडा पडतो.

घरी नेलेला उपचार प्रत्यक्षात किती घेतला जातो, हा प्रश्न याच्या सुमारे ३५ वर्षे आधी मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, कसोशीने अभ्यासला गेला होता. तेव्हा विषय क्षयरोगाचा होता. १९५६ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून तेथे ट्यूबरक्युलोसिस केमोथेरपी सेंटर स्थापन केले. वॉलेस फॉक्स तिचे पहिले प्रमुख. क्षयरोग्याने आरोग्यधामात जावे, विश्रांती घ्यावी, सकस खावे, हा तेव्हाचा रिवाज होता. पण खाटा थोड्या आणि रुग्ण अगणित. म्हणून रुग्णांचे दोन गट पाडून एकाला आरोग्यधामात, दुसऱ्याला शहरातील त्याच्या दाटीवाटीच्या घरात, वर्षभर सारखीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष आले. घरचा आहार निकृष्ट होता, विश्रांती कमी होती, तरीही घरच्या रुग्णांची प्रगती आरोग्यधामातील रुग्णांच्या तोडीची होती आणि घरच्यांना संसर्गाचा धोकाही वाढला नव्हता. जगभरातील क्षयोपचाराची दिशा यामुळे बदलली.

त्या यशाला एक अट होती : औषध पोटात जायला हवे. मद्रासचे कार्यकर्ते अचानक घरी जात, गोळ्या मोजत, लघवीचे नमुने तपासत. बरे वाटू लागलेला माणूस गोळ्या टाळतो, हे त्यांना आढळले. गोळ्या टाळणाऱ्याला दोष देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी उपचाराची रीतच बदलून पाहिली. आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली औषध देण्याचा त्यांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे जगभर ‘डॉट्स’ म्हणून रुजलेल्या पद्धतीचे एक मूळ येथे आहे. ती संस्था आज राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था म्हणून चेन्नईतच काम करते.

भारतात स्लीप ॲप्नियाची मोजणी उशिरा सुरू झाली. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. २५० जणांची झोप त्यांच्या घरीच रात्रभर नोंदवली गेली. दिवसाच्या पेंगेसह हा विकार ७.५ टक्के पुरुषांत असावा, असा अंदाज निघाला. ‘हा तर धष्टपुष्ट पाश्चात्त्यांचा आजार’ ही समजूत मागे पडली. चेन्नईत मधुमेहावरील ‘क्युअर्स’ या मोठ्या पाहणीचा भाग म्हणून घोरणे, दिवसाची झोप आणि चयापचयाचे विकार यांचा संबंध तपासला गेला; तो अभ्यास २०१० मध्ये आला. डॉ. एन. रामकृष्णन यांची निद्राविकारांसाठीची ‘नित्रा’ ही संस्थाही याच शहरातली. संस्कृत ‘निद्रा’चे हे तमिळ वळण.

आता या शहरातल्या घरात सीपॅप ठेवून पाहू. समुद्रकाठची हवा दमट असते, म्हणून नाक कोरडे पडण्याची भीती कमी वाटते. पण खोलीत एसी लावला की हवा कोरडी होते. मग यंत्रातील पाण्याची टाकी तापवून हवा ओलसर करावी लागते. ही उबदार, ओली हवा थंड खोलीतील नळीतून जाताना निवते, नळीत दव जमते आणि मध्यरात्री नाकावर पाण्याचे थेंब येतात. रुग्णाला वाटते यंत्र बिघडले. प्रत्यक्षात ते दवबिंदूचे साधे गणित असते. एसीचे तापमान थोडे वाढवले किंवा नळीला कापडी खोळ घातली, तर बराच फरक पडतो. यंत्र उशीपेक्षा खाली ठेवले की साचलेले पाणी मास्ककडे येत नाही. पण जमिनीवर पथारी टाकून झोपणाऱ्याने त्याहून खाली ते ठेवावे कोठे? दाट मिशा असल्या की मास्कची कड नीट बसत नाही, हवा निसटून डोळ्यांत जाते. चेहऱ्यावरच्या तेलाने सिलिकोन सैल पडते. एकाच खोलीत नातवंडे झोपत असतील, तर आजोबांच्या तोंडावरची ती सोंड पाहून आधी हसू येते, मग आजोबाच ती लावायला संकोचतात.

शिवाय वीज. डिसेंबर २०१५ चा पूर, डिसेंबर २०१६ चे ‘वर्दा’ आणि डिसेंबर २०२३ चे ‘मिचाँग’ चक्रीवादळ, या तिन्ही वेळी चेन्नईच्या मोठ्या भागांत दीर्घकाळ अंधार होता. ज्याचा रात्रीचा श्वास सॉकेटवर अवलंबून आहे, त्याच्या घरी इन्व्हर्टर हा उपचाराचाच भाग ठरतो. आणि मुळात यंत्राची किंमतच दहा हजारांच्या पटीत असते. क्षयरोग्याच्या दारी सरकारी कार्यकर्ता येत असे, कारण त्याच्या आजाराची झळ इतरांना लागण्याची भीती होती. स्लीप ॲप्नियाचा रुग्ण यंत्र विकत घेतो आणि पहिल्या, सर्वांत अवघड पंधरवड्यात बहुधा एकटा पडतो.

वापराचे तास किती महत्त्वाचे, हा वाद २०१६ मध्ये ठळक झाला. भारतासह सात देशांतील २,७१७ हृदय व मेंदूविकाराच्या रुग्णांवरील ‘सेव्ह’ चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके वा पक्षाघात घटल्याचे दिसले नाही. पेंग, घोरणे आणि मनःस्थिती मात्र सुधारली. सरासरी वापर रात्री ३.३ तास होता. यंत्र निष्फळ ठरले, की अर्धीच रात्र दिलेला उपचार? यावर तज्ज्ञ अद्याप चर्चा करतात. जून २०२१ मध्ये आणखी एक धक्का बसला. आवाज कमी व्हावा म्हणून बसवलेला फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता दिसल्याने फिलिप्स कंपनीने आपली अनेक यंत्रे परत बोलावली. झोपमोड टाळण्यासाठी केलेली सोयच काळजीचे कारण झाली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेने लठ्ठपणासह मध्यम वा तीव्र विकार असलेल्यांसाठी टिर्झेपाटाइड या औषधास मान्यता दिली. तो पर्याय मोलाचा आहे, परंतु प्रत्येक रुग्ण लठ्ठ नसतो. जबड्याच्या ठेवणीमुळेही घसा अरुंद असू शकतो.

म्हणून मास्कची सवय हा विषय दुय्यम मानून चालणार नाही. संध्याकाळी जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसणे, चेहऱ्याला जुळेपर्यंत दोन-तीन प्रकार बदलून पाहणे, पहिल्या आठवड्यात तंत्रज्ञाचा फोन येणे, घरच्यांना यंत्र समजावून सांगणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर पुढची अनेक वर्षे ठरतात. मद्रासच्या संशोधकांनी औषधाइतकेच घर अभ्यासले. आजचे यंत्र तासांची नोंद आपोआप पाठवते. मास्क पहाटे ३ वाजता का काढला, हे मात्र त्या नोंदीत नसते. ते रुग्णालाच विचारावे लागते, आणि सुरुवात अगदी साध्या प्रश्नाने करता येते : तुम्ही झोपता कोठे, आणि यंत्र ठेवता कोठे?