वॉर्साची वीज

युद्धाचा इतिहास वाचतांना आपली दृष्टि सहसा सेनापतींवर खिळते; शस्त्र घडविणारा कारागीर त्यांत क्वचितच डोकावतो. परंतु ज्या राष्ट्राचें सैन्य मोडलें, राजधानी परक्यांच्या हातीं गेली आणि शस्त्र बाळगणें हाच देहदंडाचा अपराध ठरला, त्याच्या इतिहासांत कारागिराचेंच नांव आधीं घ्यावें लागतें. १९३९ सालीं पोलंडवर हा प्रसंग ओढवला.

जिंकल्या गेलेल्या त्या देशांत ‘गृहसेना’ ही गुप्त संघटना वाढीस लागली. तिला माणसांची वाण नव्हती. वाण होती हत्यारांची. इंग्लंडहून विमानांनीं टाकलेल्या स्टेन बंदुका गरजेच्या मानानें फारच थोड्या. तेव्हां वात्सवाफ झाव्रोत्नी व सेवेरिन व्हिएलानिएर ह्या अभियंत्यांनीं १९४२-४३ च्या सुमारास एक स्वदेशी सबमशीन गन योजिली. तिचें नांव ‘ब्विस्कावीत्सा’, म्हणजे वीज. आंतील यंत्ररचना ब्रिटिश स्टेनची. दुमडता दस्ता आणि खालून बसणारी काडतुसांची पेटी मात्र जर्मन एम्. पी. ४० च्या वळणाची. काडतूस ९ मिलिमीटरचें, त्यामुळें शत्रूकडून हिसकावलेला दारूगोळाही तिला चाले.

पण खरें चातुर्य सांध्यांत होतें. स्टेनचे भाग झाळून जोडीत. चोरून चालणाऱ्या कारखान्यांत तीं साधनें कोठून आणावयाचीं? म्हणून ह्या बंदुकीचे भाग आटे पाडून व स्क्रूंनीं जोडण्याची योजना झाली. साधा लेथ असलेल्या लहान कारखान्यासही एखादा भाग करितां येऊं लागला. भाग निरनिराळ्या ठिकाणीं होत, जुळणी तिसऱ्याच जागीं होई. एक दुवा तुटला तरी सारी साखळी शत्रूच्या हातीं लागूं नये, हा त्यांतला हेतु.

अशा सुमारें ७०० बंदुका तयार झाल्या. १ ऑगस्ट १९४४ रोजीं वॉर्सा उठली, तेव्हां त्यांतील कित्येक रस्त्यांवर दिसल्या. परंतु बंडवाल्यांपैकीं बहुसंख्यांच्या हातीं बंदूकच नव्हती. ६३ दिवस झुंजून २ ऑक्टोबरास शहर शरण गेलें, आणि पुढें जर्मनांनीं त्याचा पद्धतशीर विध्वंस केला.

मग ह्या खटाटोपाचें फळ काय? सातशें बंदुकांनीं राजधानी वांचली नाहीं, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तसेंच तेवढ्यावरून तो उद्योग व्यर्थ ठरवणेंही न्यायाचें नव्हे. शस्त्राचें मोल रणांगणावर ठरतें. तें घडविणाऱ्या समाजाचें मोल त्याआधींच ठरलेलें असतें. पकडले गेल्यास मरण अटळ, हें जाणून प्रत्येकानें आपापला आटा अचूक पाडला, ह्यांत त्या नागरिकांची शिस्त दिसते.

त्याच सुमारास आपल्या कोल्हापूरजवळ वळिवडें येथील छावणींत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलें. देश गमावलेल्या त्या लोकांचा शेजार पंचगंगेच्या तीरास १९४८ पर्यंत लाभला. म्हणून वॉर्साच्या विजेची ही कथा आपणांस अगदींच परकी मानतां येत नाहीं.