बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं का?

जुन्या स्पोर्ट्स कारला दुसरी चाकं घ्यायची म्हटलं की माणूस आधी दोनच गोष्टी बघतो. चाक दिसतं कसं, आणि गाडीचे बोल्ट त्याच्या भोकांतून जातात का. दोन्ही जमलं की "बसतंय की!" म्हणायचं आणि पैसे देऊन मोकळं व्हायचं. पण खरी गोष्ट चाकाच्या पाठीवर कोरलेली असते, जिथे सहसा कोणी बघत नाही. पोर्शेच्या जुन्या गाड्यांचा इतिहास वाचताना हे फार छान कळतं, म्हणून आज हा विषय.

आपल्याकडचा सुतार बैलगाडीचं चाक करायचा तेव्हा गाडीचा आख बघून तुंबा करायचा. आरे नि धाव कितीही सुबक असली तरी तुंबा आखावर नीट बसला नाही तर चाक कुचकामी. मोटारीतही तेच आहे, फक्त मोजमापं वाढली.

पहिलं मोजमाप बोल्टांच्या वर्तुळाचं. गॅरेजवाले त्याला पीसीडी म्हणतात. पोर्शेची पहिली गाडी ३५६. तिचे बरेच भाग फोक्सवॅगन बीटलच्या घराण्यातले. तेव्हा ब्रेक ड्रमचे होते आणि चाक थेट त्या रुंद ड्रमवर, त्याच्या कडेजवळ आवळलं जायचं. म्हणून पाच बोल्टांचं वर्तुळ चांगलं २०५ मिलिमीटरचं, आणि चाकाच्या मधोमध भलंमोठं भोक. १९६३ मध्ये ३५६ सी आली, चारही चाकांना डिस्क ब्रेक आले आणि वर्तुळ आक्रसून १३० वर आलं. म्हणजे बाहेरून भावंडं वाटणाऱ्या दोन ३५६ गाड्यांची चाकं एकमेकींना चालत नाहीत. कारण काय, तर ब्रेक बदलले! पुढे ९११ नं हेच ५ × १३० चालू ठेवलं. धाकट्या ९२४ ला मात्र आधी चारच बोल्ट, १०८ च्या वर्तुळात. नाव एकच, चाकं निराळी.

आता त्या प्रसिद्ध चाकाकडे येऊ. जर्मनीतल्या मायनर्झहागेन गावच्या ओटो फुक्स कंपनीनं पोर्शेसाठी पाच पाकळ्यांचं अॅल्युमिनियमचं चाक केलं. (फुक्स म्हणजे कोल्हा.) हे चाक ओतीव नव्हे, घडीव. १९६६ च्या शेवटी, म्हणजे १९६७ च्या मॉडेलच्या ९११ एस वर ते पहिल्यांदा आलं. व्यास १५ इंच, रुंदी फक्त साडेचार. पुढच्याच वर्षी रुंदी साडेपाच झाली, त्याच्या पुढच्या वर्षी सहा. १९७३ च्या कॅरेरा आरएसला मागे सात इंची चाकं मिळाली आणि १९७५ च्या टर्बोला मागे आठ इंची. इंजिनं ताकदवान होत गेली, टायर रुंदावले आणि त्यांना सामावून घ्यायला मागचे मडगार्ड फुगत गेले. आज आपण ज्या फुगीर कमरेवर भाळतो ती ह्या चाकांची जागा आहे.

पाकळ्या त्याच, भोकं तीच, त्यामुळे वाटतं की कुठलंही फुक्स कुठल्याही ९११ ला चालेल. इथेच दुसरा आकडा आडवा येतो: ऑफसेट. चाकावर तो 'ईटी' ह्या जर्मन अक्षरांनी लिहिलेला असतो. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून, ते जिथे हबला टेकतं तो पृष्ठभाग किती दूर आहे, हे तो सांगतो. आकडा जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत सरकतं.

हिशेब करून बघा. सात इंची चाकाची निम्मी रुंदी ८८.९ मिलिमीटर. ईटी २३.३ असेल तर हबच्या बाहेर ६५.६ मिमी चाक राहतं, आत ११२.२. ईटी ४९ असेल तर बाहेर ३९.९ आणि आत १३७.९. दोन्ही सात इंची, दोन्ही फुक्स! पहिलं आरएसच्या फुगीर मडगार्डखालचं. दुसरं १९६७ च्या ९११ आर ह्या शर्यतीच्या गाडीसाठी केलेलं. अरुंद अंगाच्या जुन्या ९११ ला पहिलं लावलं तर ते मडगार्डला घासतं, दुसरं मात्र आत मावतं.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण ९४४ चं. १९८७ च्या मॉडेलपासून ह्या गाडीत एबीएस मिळू लागलं आणि त्यासोबत पुढच्या सस्पेंशनची मांडणी व हब बदलले. टर्बोच्या मागच्या आठ इंची चाकाचा ईटी आधी २३.३ होता, तो ५२.३ झाला. फरक २९ मिलिमीटर, एक इंचाहून थोडा जास्त. गाडी तीच दिसते, चाकही जवळपास तेच.

नव्या मापाचं चाक जुन्या ९४४ ला लावलं तर ते आत घुसतं आणि सस्पेंशनला टेकण्याची भीती. हे निदान लगेच दिसतं तरी. उलट केलं तर चाक बाहेर येतं, "रुबाबदार दिसतंय" म्हणून लोक खूशही होतात. धोका तिथे आहे. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो खाली वाढवला तर रस्त्याला एका बिंदूत मिळतो. टायरचा मध्य ह्या बिंदूच्या आत आहे की बाहेर, ह्यावर ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग कुठे ओढलं जाईल हे ठरतं. अर्धा रस्ता ओला, अर्धा कोरडा असताना जोरात ब्रेक लागले तर गाडी सरळ राहावी म्हणून कोणीतरी बसून हे अंतर ठरवलेलं असतं. आपण ते दिसण्यापायी २९ मिलिमीटरनं बिघडवतो.

म्हणून चाक घेताना तोंडवळ्याआधी पाठ बघावी. रुंदी, ईटी आणि पोर्शेचा पार्ट नंबर बहुधा तिथेच असतो. फुक्सवर घडवल्याचा महिना-वर्षही सापडतं. मधल्या भोकाचं माप हबशी जुळवावं. नटाची बैठक गोल आहे की शंकूसारखी तेही बघावं, कारण चुकीच्या बैठकीचा नट आवळला तरी धरत नाही. आणि नुसत्या ५ × १३० वर भुलू नये. फोक्सवॅगनच्या जुन्या पिढ्यांच्या बऱ्याच टूआरेगचंही वर्तुळ तेच होतं, म्हणून ते अवजड चाक काही ९४४ चं होत नाही.

जुनी गाडी सांभाळणाऱ्यांना आपण हौशी म्हणतो. पण तो आकडा कोणी, कशासाठी ठरवला हे समजून घेऊन मग चाक लावणारा माणूस मला हौशीपेक्षा त्या सुताराच्या जवळचा वाटतो. गाडीत बसणाऱ्यांचा जीव शेवटी त्या पाच नटांवरच असतो ना!