अचलपूर कॅम्पची कुळकथा

अचलपूरला खेटून असलेल्या परतवाड्याच्या भागाला आजही ‘कॅम्प’ म्हणतात. ही छावणी हैदराबाद कंटिंजंटची. फौज नावाला निजामाची, अधिकारी इंग्रज, आणि खर्च निजामाच्या तिजोरीतून. वऱ्हाड इंग्रजांकडे कसे गेले हे समजायला लढायांपेक्षा या फौजेचा जमाखर्च जास्त उपयोगी पडतो.

लढाया आधीच होऊन गेल्या होत्या. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोल्याकडच्या आडगावला इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. मग इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनने भोसल्यांच्या गाविलगड किल्ल्याच्या उत्तरेला, लाबाड्याकडून तोफा नेल्या. त्या डोंगरात वाटच नव्हती. शिपायांनी ती पाडली आणि जवळजवळ साऱ्या अंतरभर अवजड तोफा हातांनी ओढल्या. मेळघाटचे चढ पाहिलेल्याला ही काय मेहनत होती ते सांगायला नको. १५ डिसेंबरला गड पडला, किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख, म्हणजे वऱ्हाड, इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाला मिळाला.

तो निजामाने गमावला, पण तोफांपुढे नव्हे. कंटिंजंटचे पगार थकत गेले, ईस्ट इंडिया कंपनी पैसे पुरवत गेली आणि ती रक्कम निजामाच्या नावे कर्ज म्हणून चढत गेली. अधिकाऱ्यांची संख्या आणि त्यांचे भरमसाट पगार ठरवणारेही कंपनीचेच लोक! २१ मे १८५३ च्या तहात फौजेचा आकडाच लिहिला गेला: किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि मैदानी तोफखान्याच्या ४ बॅटऱ्या. त्यांच्या खर्चासाठी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब कंपनीकडे लावून दिले. १८६० मध्ये धाराशिव आणि रायचूर परत मिळाले, उरलेले कर्जही माफ झाले. कापूस पिकवणारे वऱ्हाड मात्र इंग्रजांनी सोडले नाही. माझ्या मते या साऱ्या व्यवहारातला खरा अन्याय इथेच आहे. कर्ज फिटल्यावर तारण ठेवून घेण्याचा सावकारालाही हक्क नसतो.

१९०२ साली वार्षिक २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले गेले. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली आणि तिच्या तोफखान्याच्या बॅटऱ्या मोडल्या. ज्या फौजेच्या पगारासाठी वऱ्हाड गेले ती फौजच संपली. वऱ्हाड मात्र निजामाला कधीच परत मिळाले नाही.