मंगळवारी निघू नका

विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून दुपारी सुटते. फुलचूरहून तुम्ही वेळेत स्टेशन गाठलंय, खिडकीही मिळालीय. बांध्यांमध्ये सारसाची जोडी दिसते का, म्हणून नजर बाहेरच. रात्र सरते. सकाळी दादरला लोकल बदलून भायखळा.

राणीबागेच्या फाटकातून आत पाऊल टाकता, तर तारीख 19 नोव्हेंबर 1862. लेडी फ्रिअर व्हिक्टोरिया गार्डन्सचं उद्घाटन करतायत. नुसती बाग; गर्दी झाडं बघायला आलेली. पुढे चला.

वळणावर 1975 लागतं. तुम्ही आठ वर्षांचे, हातात शेंगदाण्यांची पुडी. समोर लोखंडी गज, खाली सिमेंटची जमीन, मागे अंधारी खोली. उग्र दर्प, वर फिनेलचा वास. वाघ सहा पावलं जातो, वळतो, सहा पावलं येतो. तुम्ही मोजत राहता. मागून कुणीतरी खडा भिरकावतो, ‘‘ए, ओरड ना!’’ तुम्हाला नागझिऱ्याचं जंगल आठवतं. तीन खेपा घातल्या तेव्हा एकदा वाघ दिसला, तोही पाठमोरा. इथे मात्र रिकाम्या हाती कुणी परतत नाही. पिंजरा वाघाच्या सोयीचा नाहीच. तिकीट काढणाऱ्याच्या सोयीचा आहे.

गजांना हात लावता आणि गज विरघळतात. 2020. औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आलीय. तुमच्यापुढे जाड काच, पलीकडे गवत, पाणी, सावली. वाघ दिसत नाही. लोक कुरकुरतात, काचेवर थापा मारतात. तुम्ही खाली बसता. वाट बघणं तुम्हाला नवं नाही. बऱ्याच वेळाने गवतातून एक कान हलतो. शेजारच्या पक्षीदालनात तर जाळीच्या आत तुम्हीच, आणि पक्षी डोक्यावरून मोकळे.

एक उडी लंडनला. तिथल्या प्राणीसंग्रहालयातलं 1965 सालचं स्नोडन पक्षीगृह पाडलं नाही. तोच सांगाडा, नवी जाळी, आणि 2022 पासून आत कोलोबस माकडं. माणसं त्यांच्यामधून चालतात. आपल्याकडे जुनं म्हटलं की आधी हातोडा. मला विचाराल तर सगळीकडे एखादा जुना पिंजरा राखावा, रिकामा, आणि येणाऱ्याला पाच मिनिटं आत उभं करावं. सहा पावलं मोजायला.

परतीच्या गाडीआधी एक सांगतो. राणीबाग बुधवारी बंद असते, तेव्हा गोंदियाहून मंगळवारचं तिकीट काढू नका.