गांजा : मातीतून पाण्यात, शेतातून खोलीत

पावसाळ्यात मुठा खोऱ्यात गेलात, तर भाताची खाचरं टेकडीवरूनच मोजता येतात. तलाठ्यालाही येतात. कुणाच्या गटात किती गुंठे भात, हे सात-बारावर चढतं. मातीतलं पीक असं उघड्यावर असतं. आजची गोष्ट या उघडेपणाचीच आहे, फक्त पीक वेगळं : गांजा.

"मातीतला की हायड्रो?" हा प्रश्न तुमच्याही फोनवर कधीतरी आला असेल. हायड्रो म्हणजे काहीतरी शुद्ध, सायंटिफिक, असा एक समज आहे. तर थोडं मागे जाऊ.

1893 साली ब्रिटिश सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग. देशभर फिरून 1,193 साक्षी घेतल्या, 1894 मध्ये अहवाल आला. तेव्हा मुंबई इलाख्यात गांजाचं मोठं पीक आपल्या नगर जिल्ह्यात होतं. बंगालमध्ये राजशाहीकडच्या नौगावला. शेतकऱ्याची खरी कसोटी एकाच कामात : नर झाडं वेळेत ओळखून उपटायची, म्हणजे मादीच्या फुलोऱ्यात बी धरत नाही. नौगावला तर यासाठी खास जाणकार माणूस मजुरीवर बोलावत. आज ज्याला 'सीडलेस' म्हणून भाव देतात ना, ते हेच. सव्वाशे वर्षांपूर्वीचं, साध्या मातीतलं!

कमिशनने बंदी सुचवली नाही. परवाना द्या, लागवड ठरावीक भागात गोळा करा, कर लावा, असं सांगितलं. हे जमणार होतं, कारण शेत दिसत होतं. एकर मोजता येत होते.

आता पाणी. 1860 च्या आसपास जर्मनीत साक्स आणि क्नोप यांनी दाखवलं, की पाण्यात योग्य क्षार असले तर झाडाला माती लागत नाही. पुढे कॅलिफोर्नियात गेरिक यांनी टोमॅटो वाढवले, 1937 मध्ये 'हायड्रोपोनिक्स' हा शब्द आला. आणि आपल्याकडे? 1946 च्या सुमारास शोल्टो डग्लस यांनी कालिम्पाँगला प्रयोग सुरू केले. खडी, स्वस्त भांडी, आणि उद्देश भाजीपाला. गरिबाच्या अंगणात भाजी पिकावी म्हणून! (या माणसावर वेगळा एपिसोड करायला हवा.)

मग फरक काय? माती चूक पोटात घालते. खत थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं. पाण्यात सगळं हातात असतं, वाढ झपाट्याने होते, पण पंप बंद पडला की मुळं लगेच संकटात. नशेचा जोर मात्र मुख्यतः वाण, प्रकाश आणि बी न धरलेला फुलोरा यावर ठरतो. पाण्यात वाढला म्हणून तो ना शुद्ध होतो, ना सौम्य.

इतिहासाच्या नजरेनं मोठा बदल वेगळाच आहे : पीक सात-बारावरून उठून बंद खोलीत गेलं. ना बांध, ना हंगाम, ना शेजारचा शेतकरी. मोजणारा आता तलाठी नाही, पोलीस आणि कस्टम्स. थायलंडने जून 2022 मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, आणि 2024-25 मध्ये बँकॉकहून आलेल्या प्रवाशांकडे मुंबई विमानतळावर हायड्रोपोनिक गांजा सापडल्याच्या बातम्या सतत येत राहिल्या. पकडलेल्यांत तरुण पोरं-पोरी बरीच.

आणि कायदा? 1985 चा एनडीपीएस कायदा माती-पाणी बघतच नाही. गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा, तो कुठे वाढला याला महत्त्व नाही. विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. जवळ सापडला तर हिशोब वजनावर : एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोच्या वर व्यापारी. त्या तराजूत नगरचा जुना गांजा आणि आजचा हायड्रो एकाच पारड्यात बसतात, बरं का.