कलम २३ फक्त पोलिसांसाठी नाही

मानवी तस्करी रोखणे हे पोलिसांचे काम, असे म्हणणाऱ्यांनी आपला इतिहास वाचावा. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये त्यांनी देवदासी, मुरळी, जोगतिणींना ते जिणे सोडण्याचे आवाहन केले. धर्माच्या नावाने चालणारा तोही माणसांचा व्यापारच होता.

पुढे संविधानाच्या कलम २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार, दोन्हींवर बंदी घातली. हे कलम केवळ सरकारला नव्हे, खासगी ठेकेदारालाही बांधते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगितले. किमान वेतनापेक्षा कमी मजुरी हीसुद्धा सक्तीची मजुरीच ठरली.

आपला सालेकसा तालुका छत्तीसगडच्या सीमेवर, हावडा–मुंबई रेल्वेमार्गावर आहे. पोटासाठी गाडी पकडणाऱ्याला अडवू नका. तो त्याचा हक्क आहे. पण नेणारा कोण, काम कुठे, मजुरी किती, हे विचारा आणि लिहून ठेवा. पोलीस येतात ते तक्रारीनंतर. शेजारी मात्र गाडी सुटण्याआधी तिथे असतो. मूल नेले जात असेल तर १०९८ लावा. गप्प बसणारे गाव दलालाचेच काम सोपे करते.

जय भीम! जय संविधान!