वईतला पांगारा

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी चौथीत होतो. भांडी, गुरं, माड, सगळं वाटून झालं. उरली ती घरामागच्या भाटाची हद्द. गडगा घालायला पैसे कोणाकडेच नव्हते. मग आजीने सांगितलं, पांगाऱ्याची वय घाला.

पांगारा लावायला बी लागत नाही. वैशाखात मनगटाएवढ्या जाड फांद्या माणसाच्या उंचीच्या तोडायच्या, आठ-दहा दिवस सावलीत टाकायच्या. ओला चीक सुकला की खुंट कुजत नाही. मिरग लागायच्या तोंडाला हातभर खड्ड्यात पुरायचा. गुरं पाला ओरबाडतात, पण अंगावर काटे असल्यामुळे खोडाला अंग घासत नाहीत.

बाबा आणि थोरले काका, महिनाभर एकमेकांशी न बोललेले, सुंभाची दोन टोकं धरून उभे राहिले. खुंट कुणाचे यावरून पुन्हा तोंडं वाकडी झाली. आजी म्हणाली, "एक ह्याचो, एक त्याचो. मगे कोण तोडता ता बघतंय." असा एकाआड एक खुंट लागला. एकट्याला वय मोडता येईना, की एकट्याला सांभाळता येईना.

तीन पावसांत झाडं छपरापर्यंत गेली. काकांनी त्यांवर मिरीचे वेल सोडले, ते बघून बाबांनीही. वेल काही हद्द मानत नाही. मिरी खुडायला दोघांना एकाच दिवशी यावं लागे आणि शिडी एकच होती. तेव्हा कधीतरी बोलणं सुरू झालं, नक्की कोणत्या साली ते घरात कोणीच सांगत नाही. पावसाआधी फांद्या छाटायच्या, म्हणजे वेलाला ऊन मिळतं. पाला शेळ्यांना आणि माडाच्या आळ्यात. वयीकडचे माड जास्त धरायचे. पांगारा शेंगवर्गातला, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारा, हे मी पुढे कॉलेजात वाचलं. बाबा एवढंच म्हणत, पांगाऱ्याजवळची माती हलकी असते.

माघ-फाल्गुनात पानं झडून उघड्या फांद्यांवर लालभडक फुलं यायची. मैना, बुलबुल, कावळे मध प्यायला इतके जमत की सकाळी झोप मोडे. शेंगांतल्या लाल बिया आम्ही दगडावर घासून एकमेकांना चटके देत असू. त्या खाल्ल्या तर विषारी, म्हणून आजी ओरडायची.

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळं, बाहुल्या करतात, त्यांचं जुनं लाकूड पांगाऱ्याचंच. हलकं, मऊ, कातायला सोपं, आणि वरून लाखेचा रंग बसतो. धाकट्या बहिणीच्या भातुकलीतला आंबा तिथलाच होता. आता तिथे आंब्याचं लाकूडही चालतं, पांगारा पूर्वीसारखा मिळत नाही म्हणतात. तो नाहीसा करणाऱ्यांत मीही आहे.

काका गेले, बाबा गेले. चुलतभावाला चिऱ्याची भिंत हवी होती. मोजणी आणली तर हद्द वयीपासून दोन हात आमच्या बाजूला निघाली. मी मुंबईत होतो. फोनवर म्हणालो, तोड. माझे खुंट कुठले आणि त्याचे कुठले, हे त्याने विचारलं नाही, मीही नाही.

दिवाळीत गेलो तेव्हा ओंडके अंगणात पडून होते. जळणाला कोणी घेईना, नुसता धूर होतो. मिरीचे वेल भिंतीवर चढवलेले होते, ते चिरा तापून करपले.

गेल्या वैशाखात चुलतभावाचा फोन आला. "दादा, पांगाऱ्याचे खुंट खंय गावतले?" मी सुट्टी काढली. दोन गाव हिंडलो, तेव्हा एका देवळामागे एक म्हातारं झाड सापडलं. मालकाला विचारून बारा फांद्या तोडल्या. आता त्या पडवीत सुकताहेत. भिंतीच्या अलीकडे लावायच्या की पलीकडे, ते अजून ठरलेलं नाही.